कोरं आकाश

धूम्रा तळावर आलेला प्रत्येक पाहुणा आधी खिडकीशी जातो आणि हटकून म्हणतो, "अहो, इथे तर काहीच नाही!" खरंच दिसत नाही. सूर्याच्या वीसपट वजनाचा तान्हा तारा समोरच्या धुळीच्या ढगात दडून बसलाय. त्याचा उजेड बाहेर पडत नाही, धग पडते. ती धग टिपणाऱ्या अवरक्त दुर्बिणीतून मात्र बाळाचे प्रताप दिसतात: भोवतीचा वायू अधाशासारखा गिळायचा आणि त्यातला थोडा दोन्ही ध्रुवांतून झोतांनी ओकायचा.

चार वर्षांपूर्वी केतकी मयेकर एकटीच यान घेऊन त्या झोताजवळ मोजमापाला गेली. झोताचा फटका बसला आणि यान गप्प झालं. बचावनौका निघाली. तिचा तांडेल, म्हणजे नौका हाकणारा, केतकीचा बापच होता, दत्ताराम. तिसऱ्या दिवशी तळावरून दुर्बीण सांभाळणाऱ्या डॉ. वैजयंती खानोलकरांचा निरोप गेला, "कुठेच धग नाही. माघारी या." तो वळला.

आज तो त्या दिवसांतले झोताचे फोटो खानोलकरबाईंच्या टेबलावर मांडून बसला होता.

"बाई, हा काळा ठिपका कसला?"

"मेलेला बिंदू, तांडेल. दुर्बिणीच्या पडद्यावर असतात असे. आम्ही लक्षही देत नाही."

"ह्यात आहे. ह्यात नाही. ह्यात परत आहे. मेलेला मधेच उठतो होय?"

बाई हसायला गेल्या आणि थांबल्या.

ढग स्वतःही तापलेला असतो, त्याच्या धगीत सगळं बुडून जातं. म्हणून दुर्बीण एकदा झोताकडे वळवतात, एकदा शेजारच्या रिकाम्या जागेकडे, आणि पहिल्या फोटोतून दुसरा वजा करतात. त्या रिकाम्या जागेला तळावर 'कोरं आकाश' म्हणतात. ती जागा बाईंनीच निवडली होती. तिथे काही तेजस्वी असेल, तर ते वजाबाकीत काळं उमटतं.

"यान भरकटत तिथे गेलं," बाई म्हणाल्या. "रेडिओ मोडला असणार, म्हणून खूण करायला ती हीटर चालू-बंद करत होती. आणि मी... अरे देवा, मी तिलाच वजा करत होते!"

"पुढचं दाखवा."

"नको हो. कशाला जिवाला घोर?"

"माझी लेक आहे. दाखवा."

दोन दिवस ठिपका संथपणे येत-जात होता. तिसऱ्या दिवशी तो एकाएकी भराभर लुकलुकू लागला. बाईंनी बचावनौकेच्या नोंदींशी वेळा ताडून पाहिल्या. खोटं बोलणं सोपं होतं, पण हा माणूस फोटो वाचायला शिकला होता.

"तुमची नौका तिला दिसली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही वळल्यावर नऊ तास काहीच नाही. मग पुन्हा संथ."

"कधीपर्यंत?"

बाईंनी उरलेले फोटो हाताखाली झाकले. दत्तारामने डोळे पुसले.

"सहाव्या दिवशी मी तळावर पोचलो. दहाव्या दिवशी माझ्या हातानं तिचा पिंड ठेवला. त्या दिवसाचा फोटो दाखवा."

बाईंनी तो पुढे सरकवला. ठिपका होता.