शिक्षिका क्रमांक चौदा

मोठ्या बाईंचा घसा बसला नसता, तर यातलं काहीच घडलं नसतं.

शाळेत इंग्रजीच्या आम्ही दोघीच. त्या मोठ्या बाई, मी धाकट्या बाई. माझं तिसरं वर्ष चालू होतं आणि वर्षअखेरीला मी कायम होणार की नाही ते ठरणार होतं. त्या दिवशी अध्यापक महाविद्यालयातून एक संशोधक येणार होता, अभ्यासक्रम आणि पाठनियोजन यांबद्दल इंग्रजी शिक्षकांची मतं गोळा करायला. मुलाखत मोठ्या बाईंची ठरली होती. पण सकाळपासून त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती, म्हणून मुख्याध्यापिकांनी मला माझ्या एकुलत्या एका मोकळ्या तासाला प्रयोगशाळेत पिटाळलं.

तो उंच स्टुलावर तिरका बसला होता, कारण गुडघे टेबलाखाली मावत नव्हते. समोर कागद, पेन्सिल, खोडरबर.

“बत्तीस प्रश्न आहेत,” तो अपराध्यासारखा म्हणाला. “नाव कुठेही येणार नाही. तुम्ही शिक्षिका क्रमांक चौदा.”

“तेरा कोण?”

“ते सांगता येत नाही.”

“बरं झालं. म्हणजे माझंही कुणाला सांगणार नाही.”

सहा प्रश्नांपर्यंत मी शहाण्यासारखी उत्तरं दिली. सातवा होता – पाठाचं टाचण आपण किती दिवस आधी काढता?

“आधी नाही. नंतर,” मी म्हटलं.

पेन्सिल थांबली. “म्हणजे?”

“आधी शिकवते. मग घरी जाऊन लिहिते, काय घडलं ते. तारीख मात्र आदल्या दिवशीची टाकते.” एवढं बोलून गेले आणि मलाच धसका बसला. पण तो हसला नाही, दचकलाही नाही. नीट लिहून घेतलं त्यानं.

“आणि अभ्यासक्रमाबद्दल?”

“चांगला आहे. फक्त मुलांकडे बघून केलेला नाही. सातवीतल्या पोराला इंग्रजीत ‘मी बाहेर जाऊ का’ विचारता येत नाही, आणि मी त्याला कर्मणी प्रयोग शिकवतेय. ‘माझ्याकडून खिडकी फोडली गेली.’ असं घरी तरी कोण म्हणतं?”

“फोडणारा काहीच म्हणत नाही,” तो म्हणाला. “‘फुटली’ म्हणतो.”

मला हसू आवरेना. घंटा झाली तेव्हा आम्ही अकराव्या प्रश्नावर होतो.

उरलेल्या एकवीस प्रश्नांसाठी तो तीनदा आला. मग उत्तरांच्या खुलाशासाठी आला… मग खुलाशांच्या खुलाशासाठी. शिक्षकखोलीत त्याचं नावच पडलं. “धाकट्या बाई, तुमची प्रश्नावली आली हो,” घसा सुटल्यावर मोठ्या बाई आधी हेच बोलल्या.

एकदा तो सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसला. मी मुलांना जोड्याजोड्यांनी फोनवरचं संभाषण करायला सांगितलं आणि मुलं मिठाची गुळणी धरून बसली. तास पार फसला. बाहेर आल्यावर वाटलं, आता हा काहीतरी गोड बोलणार.

“आज जमलं नाही, ना?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग आज वहीत काय लिहाल?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बस-स्टॉपपर्यंत मी तेच सांगत राहिले. बारीक पाऊस होता. छत्री त्याची, पण ती सगळी माझ्या डोक्यावर. त्याचा डावा खांदा निथळत होता.

“मधे धरा की…”

“मधे धरली तर फाइल भिजते.”

“मग फाइल माझ्याकडे द्या.”

दिली. त्या छत्रीत आम्हाला बऱ्यापैकी जवळून चालावं लागलं. दोघांनीही तक्रार केली नाही.

दोन महिन्यांनी त्याचा अहवाल छापून शाळाशाळांत पोचला. आमच्या मुख्याध्यापिका तळटिपासुद्धा वाचतात. त्यांनी मला बोलावलं आणि पान एकोणीस पुढे सरकवलं. ‘आधी शिकवते, मग टाचण लिहिते. तारीख मात्र आदल्या दिवशीची टाकते. – शिक्षिका क्र. १४, अनुभव तीन वर्षे, शाळेत इंग्रजीच्या दोन शिक्षिका.’

“या तुम्हीच ना?”

नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हटलं.

“तिन्ही वर्षांच्या वह्या उद्या माझ्या टेबलावर ठेवा. कायम करायचं की नाही, ते वाचल्यावर बघू.”

घरी आई कपड्यांना इस्त्री करत होती. सगळं ऐकून म्हणाली, “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.” आणि एक बाही पुरी झाल्यावर, “पण नाही म्हणून आली असतीस, तर मला जास्त लागलं असतं.”

दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी उभा होता. मोठ्या बाईंनी त्याला फोन करून झाडलं होतं म्हणे. चेहरा एवढासा झालेला.

“नाव कुठेच नव्हतं हो…”

“नाव नाही छापलंत. आवाज छापलात.”

“मी मुख्याध्यापिकांना भेटतो. मीच चुकीचं लिहून घेतलं म्हणून सांगतो.”

“म्हणजे काल खरं बोलून मी खोटी पडेन. माझं मी निस्तरेन. तुम्ही इथे येऊ नका.”

तो आला नाही. मी सांगितलं म्हणूनच आला नाही, आणि रोज मधल्या सुट्टीत माझी नजर मात्र फाटकाकडे. रागही त्याचाच, वाटही त्याचीच.

मुख्याध्यापिकांनी वह्या वाचायला आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी बोलावलं. वहीतलं एक वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं, “‘मुलं घाबरली होती आणि मी घाई केली.’” चष्मा काढला. “वीस वर्षं टाचणं तपासतेय. स्वतःचा तास फसला असं कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही. तुमच्या तारखा खोट्या आहेत, मजकूर खरा आहे. बाकीच्यांचं नेमकं उलटं असतं. खोटी तारीख पुन्हा दिसली तर घरी बसाल. यापुढे आधीही लिहायचं आणि नंतरही.”

“म्हणजे दुप्पट?”

“कायम झालेल्या शिक्षिकेला तेवढं जमायला हवं,” त्या म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला. दारापर्यंत गेल्यावर मला त्या वाक्याचा अर्थ लागला.

त्याच आठवड्यात टपालानं एक जाडजूड पाकीट आलं. त्याच्या प्रबंधाचं प्रकरण, आणि वर चिठ्ठी: ‘चुकलो. छापण्याआधी तुम्हाला दाखवायला हवं होतं. आता दाखवतो आहे. नको असेल ते खोडा. सगळं खोडलंत तरी चालेल.’

मी फोन करून त्याला शाळेच्या वाचनालयात बोलावलं. समोर बसवलं आणि लाल पेन काढलं. शाळेतल्या दोन शिक्षिकांचा उल्लेख खोडला. अनुभवाची वर्षं खोडली. तारखेचं वाक्य ठेवलं.

“हे राहू दे?” तो चकित झाला.

“खरं आहे ते.”

मग पुढे वाचत गेले. पान एक्केचाळीस, शिक्षिका क्र. १४. पान चव्वेचाळीस, पुन्हा मी. सत्तेचाळीसवर दोनदा. चाळीस शिक्षकांच्या मुलाखती होत्या त्या. क्रमांक तेरा सबंध प्रकरणात एकदाच बोलला होता, तेही खडूबद्दल. शेवटच्या पानाच्या समासात त्याच्या मार्गदर्शकांचं तिरपं अक्षर होतं: ‘एकाच शिक्षिकेवर एवढा भर का? खुलासा द्यावा.’

मी वर पाहिलं. तो कपाटातले शब्दकोश मोजत असल्यासारखा बसला होता. कान लाल.

“काय खुलासा देणार?” मी विचारलं.

“चार वेळा लिहिला… फाडला. खरं लिहिलं तर सर मला खोलीबाहेर काढतील.”

“मग त्यांना दुसरं काहीतरी लिहा,” मी म्हटलं. “खरं मला सांगा.”

एरवी हा माणूस एका वाक्यात चार पोटवाक्यं कोंबायचा. आता म्हणाला, “मला तुम्ही फार आवडता. लग्न कराल?” आणि थांबला. एवढंच.

“विचार करायला वेळ हवा.”

“घ्या ना. किती?”

“हा तास संपेपर्यंत.”

तास संपायला अकरा मिनिटं होती. मला चार पुरली.