डाव्या खांबाजवळची जागा

बदलापुरात आइस हॉकीचा कोच आहे म्हटलं की लोक मला आधी गोळेवाला समजतात. समजू देत. मी परदेशातल्या एका छोट्या क्लबात पगारावर हॉकी खेळलो, गुडघा गेला तेव्हा परत आलो, आणि आता कात्रपच्या एका कॉलेजात पोरींना चाकांच्या स्केट्सवर सिमेंटवर खेळायला शिकवतो.

त्यांच्यातली नेत्रा गोलकीपर. चामटोलीची. लेहच्या बर्फावरच्या शिबिरासाठी तिची निवड झाली आणि बाईसाहेब अडून बसल्या.

"सर, बाबा ज्याच्याखाली राहिले, त्याच्यावर मी उभी कशी राहू?"

तिचा बाप विक्रांत. लष्करात लडाखला आम्ही दोघं एकत्रच शिकलो, पुढे क्लबातही एकत्र. तो आमचा गोलकीपर. तिथेच हिवाळा सरताना एका संध्याकाळी गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ त्याच्याखाली फुटला. विक्रांत सापडलाच नाही. ही पोर तेव्हा रांगत होती.

एकदा तरी बर्फावर उभी राहा, मग नाही म्हण, एवढंच मी तिच्याकडे मागितलं. अंबरनाथला कारखान्यांच्या भागात माझ्या ओळखीच्या भूपेशचं कोल्ड स्टोरेज रिकामं पडलं होतं. संध्याकाळी आम्ही फरशीवर पाणी सोडलं, एका टोकाला गोलचे खांब उभे केले. भूपेशने कुलूप लावलं. "टेन्शन मत लो सर. चावी माझ्याकडेच हाय. उद्या सकाळी बर्फ रेडी."

सकाळी नेत्राला घेऊन तिघं गेलो. भूपेशने दार ओढलं. थंड वाफ अंगावर आली आणि तिच्याबरोबर ओल्या चामड्याचा वास. रिकाम्या गोदामात चामडं कुठलं?

दिवा लागला. बर्फ काचेसारखा गुळगुळीत होता. फक्त गोलसमोरचा खरवडलेला होता.

"च्यायला... कोण घुसला?" भूपेशने कुलूप उलटंसुलटं करून पाहिलं. नेत्राचे नवे स्केट्स अजून खोक्यात होते, माझे पिशवीत.

खेळाआधी प्रत्येक गोलकीपर आपल्या उभं राहायच्या जागेवरचा बर्फ स्केटच्या पात्याने खरवडतो, पाय सरकू नये म्हणून. ज्याची त्याची पद्धत वेगळी. ही मी अंधारातही ओळखली असती. उजवीकडून डावीकडे, जवळजवळ ओळी, आणि डाव्या खांबाजवळ वीतभर जागा कोरी. विक्रांत तेवढी नेहमी सोडायचा. आम्ही चिडवायचो, तर म्हणायचा, "ती पोरीची. ती येईल तेव्हा ती खरवडेल."

आणि तो वास त्याच्या भिजलेल्या चामडी ग्लोव्हजचा होता. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. देवळात शिरताना चपला आपोआप निघतात, तसा हात टोपीकडे गेला.

"सर... कोणी केलं हे?"

मी सांगितलं. कोऱ्या जागेचंही सांगितलं.

नेत्राने खोकं जवळ ओढलं. मग खाली बसली, खोकं उघडलं, नाड्या बांधल्या. भिंतीला धरून, अडखळत गोलपर्यंत गेली आणि वाकून ती वीतभर जागा पात्याने खरवडू लागली. खर्र... खर्र...

तेवढ्यात डाव्या खांबावर दोनदा टकटक झाली. जागा धरली की गोलकीपर स्टिकने खांबावर अशीच टकटक करतो. नेत्राची स्टिक माझ्या हातात होती.

ती वळून पाहायला गेली नाही. गुडघे वाकवले आणि म्हणाली, "मारा सर."

मी तिची स्टिक तिच्याकडे सरकवली, माझी घेतली आणि रबरी चकती मारली. तिने अडवली. मी रडत होतो, तरी मारत राहिलो.

जानेवारीत ती लेहला गेली. एका सकाळी भूपेशचा फोन आला.

"सर, बर्फ केव्हाच वितळला. पण खांबाजवळचा वीतभर तुकडा जातच नाही ओ... मशीन बंद, दार उघडं, पंखापण लावला."

"असू दे तिथे."

"असू दे ना. पण सर... त्याच्यावर आज नवीन ओरखडे आलेत."

मी घड्याळ पाहिलं. लेहला नेत्राची पहिली मॅच सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता.