यादोरावचं कार्ड

“यादोरावले टीबीनं नाही मारलं. कार्डावर खोट्या टिका मारणाऱ्यानं मारलं.”

कारधा गावात घरच्या ओसरीवर बाबूलालकाका असं बोलले आणि अंकुशचं हसू मावळलं. उद्यापासून तो आणि मोनिका गावातल्या पेशंटांना टीबीच्या गोळ्या देणार होते. त्यानं नुकतंच विचारलं होतं, “एखादी टिक आगोदरच मारून ठेवली तर काय होते, काका?”

“आयक मंग. माह्या वळखीचा होता भोजराज. त्याच्यावर गुदरलेली गोष्ट हाय.”

भोजराज मोहाडीकडच्या एका कोष्टीपुऱ्यात गोळ्या द्यायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पेशंटनं समोर बसून गिळायच्या, मग कार्डावर टिक. यादोराव त्याचा पेशंट, टसर रेशीम विणणारा. जंतू छातीत कधी शिरला कोणास ठाऊक. तो वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो, माणूस खंगला की उठतो. तसा उठला. रोज सांजेला बारीक ताप, रात्री घामानं ओली बंडी, महिनाभर खोकला. हातमागाच्या खड्ड्यात उतरतानाही यादोरावला धाप लागायची.

गोळ्यांनी दोन महिन्यांत खोकला थांबला. “आता बरा हावो मी,” यादोराव म्हणाला. “गोळ्यानं जीव मळमळते, काम बुडते.” भोजराजचंही धान कापायला आलं होतं. उरलेल्या चार महिन्यांच्या टिका त्यानं एका दुपारी बसून मारल्या आणि गोळ्यांचा डबा कपाटात टाकला. थुंकीच्या शेवटच्या तपासणीचा रकाना तेवढा रिकामा राहिला.

खोकला थांबला म्हणजे रोग गेला, असं तेव्हा वाटायचं. आजही वाटतं. जंतू मेला नव्हता. तो पुन्हा उठला, फुप्फुस आतून पोखरत गेला. वर्ष पलटायच्या आत यादोराव रक्त ओकून गेला.

पुढच्या पौषात त्याची बायको रत्नाबाई खोकू लागली.

अमावास्येचा शुक्रवार. दोन हजार सात साल. रात्रीचे पावणेनऊ, लाइट गेलेली. भोजराज थुंकीची डबी घेऊन तिच्या दारी गेला.

“सकाळी उठल्याबरोबर चूळ भरजा, वहिनी. मंग खोल खोकून यात थुंकजा.”

“माहीत हाय, भाऊ. ह्यायच्या वेळेस पाह्यलं.” कंदिलाच्या उजेडात तिच्या गळ्याची हाडं दिसत होती.

मागच्या खोलीत माग वाजला. खट.

भोजराज थबकला.

खट... खट...

मग खोकला. ओला. खोल.

“कोन हाय तिकडं?”

“ते आले.” तिच्या आवाजात भीती नव्हती. नुसता थकवा. “सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी येतात. मी पेलाभर पाणी ठेवून देते.”

“पाणी... कायले?”

“गोळ्या घ्याले. वाट पाह्यतात अन् जातात. गोळ्या तं तुमच्यापाशीच राह्यल्या ना, भाऊ.”

भोजराजनं डबी तिच्यापुढे ठेवली.

आतला खोकला थांबला. कोणी कान देऊन बसावं, तसा...

ओसरीवर मोनिकानं पाय जवळ ओढून घेतले.

रत्नाबाईची थुंकी पॉझिटिव्ह आली. मग सहा महिने भोजराजनं एक वार चुकवला नाही. पाऊस, ताप, घरचं लग्न, काही असो. तिनं गिळायचं, तोंड उघडून दाखवायचं, मगच टिक. शेवटचे चार महिने निघताना तो यादोरावच्या जुन्या डब्यातल्या गोळ्या मागाजवळच्या पेल्यापाशी ठेवायचा. मागे वळून बघायचा नाही. आषाढात दोघांचाही डबा संपला.

शेवटच्या तपासणीसाठी त्यानं एकच डबी दिली. सकाळी ओट्यावर दोन होत्या. दोन्ही भरलेल्या. एकीवर रत्नाबाईचं नाव, दुसरी कोरी.

“मी एकच भरली,” ती म्हणाली.

भोजराजनं दोन्ही दवाखान्यात नेल्या. लॅबच्या मंगलाबाईंनी दुसरी काच सूक्ष्मदर्शकाखालून काढली आणि डोळे चोळले.

“दोन्ही निगेटिव्ह, भाऊ. रत्नाबाई बऱ्या झाल्या. पन हा दुसरा कोन? सांगा लवकर, कोनाच्या कार्डावर लिहू?”