चौऱ्याऐंशी सेकंद

टक्!

पाठीमागे घड्याळ दाबल्याचा आवाज आला आणि मी वळून पाहिलं. उंच, काडीसारखा एक मुलगा उभा होता. गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच, हातात कागद लावलेली पाटी.

"वळू नका. काम चालू ठेवा," तो गडबडून म्हणाला. "म्हंजे... रोजच्यासारखं."

"रोज माझ्या मागं कुणी घड्याळ घेऊन उभं राहत नाही."

पुढच्या टेबलावरच्या भामाबाई हसल्या. "आवं साहेब, पोरीला नाव तरी सांगा की आदी!"

"वीरधवल."

मी त्याच्या बारीक मनगटाकडे पाहिलं. "झेपतं का नाव?"

"लहानपणापासून सराव हाय," तो म्हणाला... आणि त्याचे कान लाल झाले.

जानेवारी होता. मिरजेच्या एमआयडीसीतल्या आमच्या पंपाच्या कारखान्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांचा गोडसर वास यायचा. कंपनीच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून वीरधवलला दोन आठवड्यांसाठी पाठवलं होतं. आमच्या लायनीवर आठ टेबलं. दर मिनिटाला एक पंप बाहेर पडायला हवा. कुणाकडे काम जास्त, कुणाकडे कमी, ते मोजून सारखं वाटायचं, एवढंच त्याचं काम.

पाचवं टेबल माझं. त्याआधी बावीस वर्षं ते तात्यांचं, माझ्या वडिलांचं होतं. श्रावणात तात्या गेले आणि कंपनीनं त्यांच्या जागी मला घेतलं. पंपाचा आतला पंखा घट्ट करायचा, झाकण बसवायचं, पुढं सरकवायचं. कागदावर एवढंच होतं. कागदावर नसलेलं काम तात्यांनी शिकवलं होतं: झाकण बसलं की शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, हातानं तीनदा फिरवायचा. कुठं घासला, तर पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, ऐकायचं आणि पुन्हा उघडायचं. ती पिवळी मूठ तात्यांच्या अंगठ्यानं एका बाजूनं झिजली होती. मी तिथंच अंगठा ठेवत असे.

वीरधवलनं तीन दिवस माझे वीस पंप मोजले.

"तुमी सारख्या घड्याळाकडं बघताय," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला.

"घड्याळाकडं कोण बघतंय?"

पेन्सिल त्याच्या हातून खाली पडली. भामाबाईंना उगाचच खोकला आला.

पुढच्या सोमवारी नवी वाटणी लागू झाली. माझ्याकडे कंपनीच्या नावाची पट्टी ठोकायचं कामही आलं. तासाभरात दोन पंप अडले. मी उघडले, पुन्हा बसवले. तोवर माझ्या अलीकडे पंपांची रांग लागली आणि पलीकडे भामाबाई हात बांधून बसल्या. दुपारपर्यंत लाइन नऊ वेळा थांबली.

आमचे सुपरवायझर आप्पासो आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या मागं वरचे होते. "रेश्मा, ते हातानं फिरवायचं बंद कर. न्हाईतर उद्याच्याला तू पॅकिंगला जा. हितं दुसरं कुनीतरी बसवतो."

"तात्यांचं टेबल आहे ते, आप्पासो."

"मला म्हाईत हाय गं," ते खाली बघत म्हणाले. "पर लाइन कुनासाठी थांबत न्हाई."

सुट्टी झाल्यावर मी सायकलींच्या शेडपाशी वीरधवलला गाठलं. "काय मोजलंत तीन दिवस?"

त्यानं मुकाट्यानं कागद पुढं केला. वीस आकडे. बहुतेक पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास. तीन मात्र लांब होते: ऐंशी, चौऱ्याण्णव, चौऱ्याऐंशी. तिन्हींवर काट मारलेली.

"हे का खोडले?"

"मला वाटलं..." तो अडखळला. "मी मागं उभा होतो म्हणून तुमचा हात चुकला असंल. माझ्यामुळं तुमचा आकडा खराब कशाला दिसावा?"

मला राग आला होता, तरी हसू फुटलं. "एवढं काही बघण्यासारखं नाही तुमच्यात."

"व्हय. ते आता कळलं."

"ऐंशीचा पंप खरंच अडला होता. शाफ्ट घासत होता."

"आन् चौऱ्याण्णव?"

मी सायकलच्या कुलपात किल्ली घातली, पण फिरवली नाही. "तो पंप चांगला होता. शाफ्ट फिरवताना... तात्यांची आठवण आली. हात तसाच राहिला. एवढंच."

तो सांत्वनाचे शब्द शोधायला गेला नाही, हे मला फार बरं वाटलं. खिशातून खोडरबर काढून त्यानं चौऱ्याण्णववरची काट हलकेच पुसली. मग ऐंशीवरची.

"आन् हा चौऱ्याऐंशी?"

"तो राहू द्या," मी म्हणाले आणि कुलूप उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आप्पासोंसमोर उभा होता. हातातला कागद त्यानं पुढं धरला होता.

"चूक माझी हाय. लांबलेले आकडे मी खोडले. पट्टीचं काम भामाबाईंकडं द्या, त्यांच्याकडं वेळ उरतोय. रेश्माच्या अलीकडं तीन पंपांची जागा मोकळी ठेवायची, आन् पलीकडं तीन पंप तयार ठेवायचे. तिला उशीर झाला तर भामाबाई त्यातला घेतील. हात मोकळा झाला की ती भरून काढंल."

"आन् ती रोजच उशीर करायला लागली तर?"

"कवा करंल, ते सांगता येत न्हाई. म्हणून तर जागा ठेवायची." मग तो एकदम गावच्या बोलीवरच उतरला. "आप्पासो, मी म्हसवडचा. आमच्याकडं हिरीवरचा पंप अडला की चार दिस माणसं घागरी घेऊन फिरत्यात. तिनं हितं दीड मिनिट घेतलं तर लय झालं व्हय?"

आप्पासोंनी डोकं खाजवलं. "शनवारपातूर बघतो. न्हाई जमलं, तर पॅकिंग."

माझ्या दोन्ही बाजूंना पंप ठेवायला सुताराकडून दोन लाकडी घोडे आले. पहिला दिवस धडधडत गेला. बुधवारी एक पंप असा अडला की मी तो दोनदा उघडला. घामानं मूठ निसटत होती; लाइन थांबल्याची घंटा आता होईल, आता होईल... झाली नाही. मान वर केली, तर भामाबाई घोड्यावरचा पंप ओढून घेत आप्पासोंना सांगत होत्या, "काय बघताय? माजं काम चाललंय!"

शनिवारी आप्पासो टेबलापाशी आले. पिवळा स्क्रू-ड्रायव्हर उचलून पाहिला, जागेवर ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच."

त्याच संध्याकाळी वीरधवलची बॅग फाटकापाशी दिसली.

"साताऱ्याची गाडी किती वेळ घेते?" मी विचारलं.

"वेळापत्रकात तीन तास. कवा साडेतीन, कवा चार."

"सरासरी सांगितली नाहीत?"

"आता न्हाई सांगत कुणाला." त्यानं बॅग या हातातून त्या हातात घेतली. "रेश्मा... एक विचारायचं होतं."

काय विचारायचं होतं, ते त्याच्या कानांवरूनच कळलं. "तात्यांचं वर्षश्राद्ध होऊ दे," मी म्हणाले. "त्यानंतरसुद्धा मला किती वेळ लागेल, ते सांगता येणार नाही."

"नका सांगू," तो म्हणाला. "मी जागा ठेवतो."

श्रावणात वर्षश्राद्ध झालं. आई त्या दिवशी किती तरी दिवसांनी मला वाढताना म्हणाली, "अजून एक घे." त्यानंतर तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मी आईला सगळं सांगितलं आणि मिरजेहून गाडीत बसले.

रहिमतपूरला क्रॉसिंगसाठी गाडी थांबली ती थांबलीच. बाहेर आल्या-हळदीची शेतं ओली, हिरवीगार होती. फोन वाजला.

"कुठं पोचलात?"

"रहिमतपूर. कधी सुटेल, माहीत नाही."

"असू दे. मी हाय हितंच."

पावणेचार तासांनी मी साताऱ्याच्या फलाटावर उतरले. तो बाकाच्या एका टोकाला बसला होता. उरलेल्या बाकावर त्यानं छत्री आडवी ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून. गळ्यात घड्याळ नव्हतं.

छत्री उचलून मी बसले.

"त्या कागदावर," मी रुळांकडे बघत म्हणाले, "एक काट राहिली होती ना अजून?"

"चौऱ्याऐंशी," तो लगेच म्हणाला.

"ती बरोबर होती. तुम्ही मागं उभे होता... म्हणूनच."