अर्धी बशी पोहे

दवाखान्यातल्या व्यायामाच्या हॉलमध्ये रविंद्र थेट गोपिकाच्या अंगावर येऊन आदळला. तिच्या हातातला रबरी चेंडू कुठल्या कुठे उडाला.

"दिसत... नाही?"

"उजवीकडून आल्या असत्या तर दिसलं असतं नं!" तो हसला. "विजेच्या खांबावरून पडलो. डोळे ठीक आहेत, पण डावीकडचं काही डोक्याच्या ध्यानातच येत नाही. तुमी काहून थांबून थांबून बोलता? भाव खाऊन राहिल्या काय?"

"स्कूटरवरून... पडली. शब्द... अडकतात."

"अडकू द्या. मले कुठं घाई आहे?"

डोक्याला मार लागलेले तिथे नाना तऱ्हेचे होते. देवाजींना सकाळचं जेवण आठवत नसे, पण शेतातलं झाड न् झाड पाठ. सिंधूताईंना बोलता येत नसे, ओव्या मात्र खणखणीत गात. बाहेरचे लोक सगळ्यांना सरसकट वेडे म्हणत, आणि गोपिकाच्या अंगाचा तिळपापड होई. तिचं वाक्य जो तो घाईनं पुरं करी. रविंद्र तेवढा हनुवटीला हात लावून वाट पाही... मग काय, ती मुद्दाम वाक्यं लांबवू लागली!

रविंद्रनं तिला मागणी घातली, आणि शेवटी तिचे वडील, मनोहरराव, पाहण्याच्या कार्यक्रमाला कसेबसे तयार झाले. सक्करदऱ्यातल्या त्यांच्या घरी आत्यानं, रुखमाबाईनं, तर्रीपोहे दिले. रविंद्रनं चवीनं खाऊन बशी खाली ठेवली. उजवी बाजू लख्ख, डावीकडचे पोहे तसेच! त्या घरात पोहे टाकणं म्हणजे मुलगी नाकारणं.

"पोरगी पसंत नसन तर तोंडानं सांगा नं गा," मनोहरराव कडाडले.

"पसंत आहे नं, बाबूजी! सगळे खाल्ले मी!"

गोपिकानं उठून बशी फिरवली.

"अरे, अजून वाढले?" तो पुन्हा खाऊ लागला.

मनोहररावांनी कपाळाला हात लावला. "पाह्य पोरी, याले समोरची बशी दिसत नाही. संसार कसा करशीन?"

"बाबा..." गोपिका अडकली.

"तिचं म्हणणं असं का—" रुखमाबाईनं मध्येच तोंड घातलं.

"थांबा नं आत्या," रविंद्र हळूच म्हणाला. "ते बोलून राहिली."

गोपिकानं मान ताठ केली.

"बाबा... मी कोणावर... ओझं नाही. हा पण... नाही. मले... रविंद्रच... पाहिजे."

अपघातानंतर एवढं ती घरात कधीच बोलली नव्हती. मनोहररावांचे डोळे भरून आले. ते उठले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "रुखमा, साखर आण वं! माह्या पोरीनं सोताच्या तोंडानं नवरा मागतला!"