चिमीच्या फायलीतला शेवटचा बदल

कात्रीवर बसलेला टेलर मास्तरांचा हात उतारवयात कीबोर्डवरही चांगला बसला होता. दर गिऱ्हाइकामागे मापांची एक फाइल, अशा चार हजार फायली साठल्या आणि दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटर धापा टाकू लागला. पाच वर्षांत ज्या मापांना हात लागला नाही, ती काढून टाकायची असं ठरलं. एकेक फाइल उघडत बसायला वेळ कुणाला होता? मास्तरांनी स्प्रेडशीटमध्ये आपोआप यादी काढणारा छोटा मॅक्रो लिहिला. फायलीचं नाव आणि शेजारी तिच्यात शेवटचा बदल झाल्याची तारीख, वेळ; सगळ्यांत नवी वर, जुन्या खाली.

मनातून मात्र ते कचरत होते. त्या जुन्यांत चिमी निघणार होती. त्यांची लेक सहाव्या वर्षी तापात गेली, त्याला नऊ वर्षं झाली. तिची मापं स्वतःच्या हाताने पुसायची हे त्यांच्या जिवावर आलं होतं.

दुपारचं जेवण झाल्यावर त्यांनी मॅक्रो चालवला. जुन्यांत चिमी नव्हती. ती सगळ्यांत वर होती. तारीख आजची, वेळ दोन वाजून दहा मिनिटं. तेव्हा तर, जेवायला बसण्याआधी, ते टेबलावर कोटाचं कापड कापत होते.

"अगं, कॉम्प्युटरला हात लावलास का?"

"मी कशाला लावू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," बायको मशीनवरून म्हणाली. "का हो?"

"काही नाही."

घड्याळ चुकलं असेल म्हणून पाहिलं. बरोबर होतं.

त्यांनी फाइल उघडली. पंचेचाळीस इंच उंची आता बासष्ट होती. बाही, छाती, कंबर, सगळं त्याच बेतात. अंदाजाने लिहिलेली मापं मास्तरांना लगेच कळत. ही टेप लावून घेतलेली होती.

डावा खांदा अर्धा इंच उतरता.

ही ओळ त्यांनी कधी लिहिलीच नव्हती. लहानपणी तो पाव इंच उतरता होता. फ्रॉकमध्ये आतून घडी घालून ते झाकायचे, आणि तिच्या आईलाही बोलले नव्हते.

खाली त्यांचाच जुना शेरा होता, फ्रॉक पुढे उसवून वाढवता यावा म्हणून लिहिलेला. 'वाढतं अंग. दोन इंच दुमड सोडणे.'

त्यांनी फाइल बंद केली. मॅक्रो पुन्हा चालवला.

चिमी. दोन सदतीस.

भिंतीवरच्या घड्याळातही दोन सदतीसच झाले होते.

फाइल पुन्हा उघडली. मापं तीच होती. शेरा बदलला होता.

'आता दुमड नको, बाबा.'