पाचवं घर

कुणी वाढायला आलं की चपला काढायच्या, आत जायचं आणि बसायचं. आजीनं मला एवढंच शिकवलं होतं. म्हणून त्या दुपारी गाणगापुरात, एका अनोळखी दारात, भाकरी घेऊन एक तरुण बाहेर आला, तेव्हा मी चपला काढल्या, त्याच्या बाजूनं आत शिरले आणि सरळ ओसरीवर मांडी घालून बसले.

तो भाकरी हातात धरून तसाच उभा. एकदा माझ्याकडे बघतोय, एकदा रस्त्याकडे.

"अहो... आत बसायचं नसतंय."

"मग कुठं बसायचं?"

"कुठंच न्हाई. मधुकरी हाय ही. दारात उभं ऱ्हायचं, मिळंल ते घ्यायचं, अन् पुढच्या घरी जायचं. पाच घरं मागायची असत्यात."

"म्हणजे तुम्ही मला हाकलताय?"

"हाकलायलो न्हाई हो... वाट दाखवायलो."

आतून एक बाई खळखळून हसली. मग तोही हसला, आणि त्याचा वरचा सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला मला दिसला. मी दातांच्या कॉलेजात शिकत होते. माणसाचं मला आधी तेच दिसायचं. हा सुळा सहज सरळ करता आला असता. करू नये, असं मला का वाटलं कोण जाणे! हातातल्या डब्यात भाकरी घेऊन मी तिथून अक्षरशः पळाले.

मी मॉरिशसची. कास्कावेल हे आमचं गाव, भोवती ऊस आणि पलीकडे समुद्र. खापरपणजोबा कोकणातून ऊस तोडायला तिकडे गेले, ते आपली मराठीही घेऊन गेले. तीच मराठी घेऊन मी गुलबर्ग्याला शिकायला आले, तेव्हा वाटलं होतं, आपण आपल्याच माणसांत चाललोय. कसचं काय! होस्टेलात मुली आपसात कन्नड बोलायच्या, बाजारात दखनी उर्दू चालायची, आणि माझी मराठी ऐकून मराठीसकट तिन्ही भाषांतले लोक हसायचे. हजेरी घेताना सरसुद्धा मला 'मॉरिशस'च म्हणायचे. ए मॉरिशस, तुमच्याकडं भात पिकतो का? मॉरिशस, विमानात भीती वाटते का? मॉरिशस, तू नक्की कोण, आमची की परकी? पोलिसांच्या ऑफिसात दर वर्षी जाऊन मी अजून परदेशीच आहे, याची नोंद करून यायचं. आईचं निळं पत्र इतक्या उशिरा पोचायचं, की त्यातला बाबांचा ताप तोवर उतरलेला असायचा, आणि मी मात्र त्या रात्री त्याची काळजी करायचे. कधी ट्रंक कॉल लागलाच तर आईच्या आधी माझाच आवाज मला परत ऐकू यायचा. रविवारी ओढणी धुवून गच्चीवर टाकली की ती वाळेपर्यंत मी तिथंच बसून राहायचे. खोलीत तरी कोण होतं?

त्या दिवाळीत होस्टेल रिकामं झालं. खानावळीचा आचारी अमृतप्पा आपल्या गावी, मादन हिप्परग्याला निघाला. कुलूप लावता लावता म्हणाला, "अक्का, तुमी हितं उपाशी कामून ऱ्हाता? गाणगापूरला जावा की. दुपारच्याला तिथं कुणी उपाशी ऱ्हात न्हाई." त्याचं खरंच होतं. दुपारी दत्तमहाराज कुठल्या ना कुठल्या रूपात भिक्षेला येतात, अशी तिथली श्रद्धा. कोण जाणे दारात कोण उभं असेल, म्हणून कुणी कुणाला परत पाठवत नाही. माझ्यासारख्या घाबरट, सावळ्या, चष्मेवाल्या रूपात महाराज येत असतील असं मला वाटलं नाही. पण पोटात कावळे ओरडत होते.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही रविवारी. महिन्याभरात मला गाणगापूरच्या बसचा कंडक्टरसुद्धा ओळखू लागला. आता मी शहाण्यासारखी दाराबाहेर उभी राहायचे. मात्र ते दार शेवटी घ्यायचे.

"तुमचं हे कितवं घर?" त्यानं एकदा विचारलं.

"पाचवं."

"दर वेळी आमचंच घर पाचवं?"

"मोजणारे तुम्ही कोण?"

"मास्तर हाय मी शाळेत. मोजायची खोड जात न्हाई." मग डब्यात गव्हाची गोड हुग्गी वाढता वाढता हळूच, "अन् मधलं घर असलं की माणसाला घाई असती... पाचवं बरं."

मी मान खाली घातली. हुग्गी डब्याबाहेर सांडत होती, ते दोघांनाही कळलं नाही.

त्याचं नाव भीमसेन, हे मला त्याच्या आईच्या हाकेवरून कळलं. वडील पुजारी, त्यांना तो आप्पा म्हणायचा; हा सकाळी त्यांच्या हाताखाली, मग शाळेत. मी समोरच्या लिंबाखाली बसून जेवायचे, तो पाण्याचा तांब्या घेऊन यायचा आणि तांब्या रिकामा झाला तरी जायचा नाही. मी बोलायचे. बाप रे, किती बोलायचे! आठवडाभर न बोललेलं सगळं. उसाला तुरा आला की आमचं गाव कसं दिसतं, समुद्र दिवसातून किती वेळा रंग बदलतो, तापल्या मेणात नकली दात बसवताना माझी बोटं कशी भाजली. तो ऐकायचा. समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता.

"एवढं पाणी, अन् पिता येत न्हाई? मग करायचं काय त्याचं?"

"बघायचं."

"नुसतं?"

"नुसतं. तुम्ही नाही का कधी कधी नुसतं बघत?"

तो तांब्याकडे बघायला लागला. कान मात्र लाल झाले होते.

पण एक गोष्ट मला टोचायला लागली. सुरुवातीला तीच किती आवडली होती! गुलबर्ग्यात सगळे विचारायचे, इथं कुणीच काही विचारत नव्हतं. जात नाही, गाव नाही. तो माझं ऐकायचा भरपूर, पण मला 'तुम्ही'पलीकडे काही म्हणायचा नाही. दीड वर्ष होत आलं आणि या माणसाला माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

"तुम्ही मला काही विचारत का नाही?" शेवटच्या परीक्षेआधीच्या एका रविवारी मी म्हटलं.

"आमच्या घरी विचारत न्हाईत. दुपारी दारात आलेलं कोण, ते आपण ठरवायचं न्हाई. आई म्हणती, नाव विचारलं की आलेला एवढुसा होतो."

"मला एवढुसं व्हायचंय!"

मी इतक्या जोरात बोलले, की लिंबाखाली झोपलेलं कुत्रं उठून बसलं. "मी देव नाहीये, भीमसेन. तिकडे कॉलेजात मी मॉरिशस आहे, पोलिसांत परदेशी आहे, आणि इथं दत्तमहाराज! मला कुणीच... मी सांगते तुम्हाला माझं नाव. माझं..."

"सांगू नका."

"का?"

"ह्या गावात हरेक माणूस जायलाच येतंय," तो म्हणाला. "आमच्या घरी किती उतरत्यात... सात दिवस, नऊ दिवस. लहानपणी मी समद्यांची नावं पाठ करायचो. मग ते गेले की वेशीपर्यंत जाऊन हाका मारायचो. नाव ठाऊक नसलं, की गेलेल्याला शोधावं लागत न्हाई."

तुम्ही बी जाणार, हे तो बोलला नाही. मी डब्याचं झाकण लावलं आणि उठले. त्यानं थांबवलं असतं तर थांबले असते. त्यानं थांबवलं नाही.

त्यानंतर मी गेले नाही. परीक्षा होती, हे निमित्त चांगलं होतं. परीक्षा संपली, तिकीट आलं, मुली निरोपाचे फोटो काढायला लागल्या, आणि मी दर रविवारी दुपारी गच्चीवर जाऊन बसायचे ती बसायचेच. खानावळीतलं जेवण मला घशाखाली उतरेना. स्वतःलाच समजावत होते, की अगं, भाकरीची सवय लागली तुला, बाकी काही नाही. मन ऐकेल तर शपथ! मला त्याच्या ओसरीवर बसायचं होतं. जेवायला नव्हे, राहायला. आणि माझ्या जाण्याची तारीख ठरली होती.

जाण्याआधीचा शेवटचा रविवार. ऊन असं, की गच्चीची फरशी पायाला चटके देत होती. खाली फाटकावरचा बाबूलाल ओरडला, "ओ मॉरिशस! नीचे आव! एक जना आया है, लडकी का नाम पूछा तो नै मालूम बोलता! पागल दिखता!"

मी जिने कसे उतरले, आठवत नाही.

तो फाटकाबाहेर उभा होता. पुरुषांना आत सोडत नसत. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, चपलांवर धूळ. माझ्याकडे बघून त्यानं हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

"काय सांगितलंत बाबूलालला?"

"म्हटलं, समुद्राचं सांगत्यात त्या."

"आणि आलात कशाला?"

"आई म्हणाली, देव रुसला तर आपणहून परत येतोय. पोरगी रुसली तर जावं लागतंय." त्यानं फाटकाचा गज धरला. तो तापलेला होता, तरी सोडला नाही. "तुमचं नाव काय?"

दीड वर्ष ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो आला. आणि मी खुळ्यासारखी भांडायला लागले. "आजच का? इतके दिवस नव्हतं विचारायचं ना?"

"नव्हतं."

"मग आता?"

"आता तुम्ही जाणार," भीमसेन म्हणाला. "अन् मला शोधावं लागंल."

रुसवा, राग, आठवडेच्या आठवडे घोकून ठेवलेली टोचरी वाक्यं... सगळं कुठल्या कुठं गेलं.

"शकुंतला," मी म्हटलं. "शकुंतला भिवाजी. कास्कावेल, मॉरिशस." किती दिवसांनी मी माझं नाव मोठ्यानं उच्चारलं होतं! "समुद्र ओलांडावा लागेल. पुजाऱ्यांच्या घरात चालतं का?"

"आप्पांना चालत न्हाई."

"मग?"

"मग काय... समजावून सांगावं लागंल. येळ लागंल, लई येळ लागंल. पण मी मास्तर हाय. एकच धडा धा वर्सं शिकवायची सवय हाय मला."

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. बाबूलाल कान देऊन ऐकत होता. ऐकू दे.

"मला बी तुम्ही," तो म्हणाला. मग खाली बघत, "कधीपास्नं, ते इचारू नका. मास्तर असून मोजलं न्हाई."

व्हरांड्यातून वॉर्डनबाईंनी हाक मारली, अर्थातच 'मॉरिशस' अशी. मी डोळे पुसले आणि वळले. बोलण्यासारखं खूप होतं, पण त्या फाटकात उभं राहून बोलता येईल असं काहीच नव्हतं. सामान अर्धं बांधून पडलं होतं. मी पायरीपर्यंत पोचले.

"शकुंतला..."

मी गर्रकन वळले. "काय?"

"काही न्हाई," तो फाटकापलीकडून म्हणाला. "हाक मारून बघितली."

त्या शहरात मला कुणी नावानं मारलेली ती पहिली हाक. मी पायरीवरच बसले आणि वॉर्डनबाईंच्या, बाबूलालच्या, साऱ्या होस्टेलच्या देखत रडले. गुरुवारी माझं विमान होतं.